ओकभोवती

जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गच्या जंगलात मूस हरणाची घोड्याएवढी मादी कान मागे पाडून माझ्यावर धावून आली. मागे तिचं पाडस उभं होतं, म्हणजे माझं काही खरं नव्हतं.

"यशोधन, झाडाभोवती पळ! तिला पटकन वळता येत नाही!" बायको गाडीतून किंचाळली.

मी ओकच्या झाडाभोवती पळत सुटलो. मूस मागे, तिचा गरम श्वास मानेवर. मग एकाएकी ती थांबली, मला एकदा नीट न्याहाळलं आणि पाडसाला घेऊन निघून गेली.

मी धावत गाडीत शिरलो. "ईप्सिता, वाचलो गं!"

ती माझ्याहून जास्त घाबरली होती.

"अरे, मी मोजत होते. तिच्या बरोब्बर सात फेऱ्या झाल्या. आणि मी वडाला आजवर एकसुद्धा मारलेली नाही."