तीन गाड्यांचा ॲव्हरेज

नॉझल ‘टक्’ करून थांबलं तसा काकांनी हात काढून घेतला. पहिल्या टक्‌नंतर एक थेंबही घालायचा नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा नियम. टाकी भरायची, ठरलेल्या रस्त्याने एकशे आठ किलोमीटर फिरायचं, त्याच पंपावर येऊन पुन्हा टाकी भरायची. जेवढं मावलं तेवढं गाडीने खाल्लं. गाड्यांच्या मासिकात काकांचं काम एवढंच, पण लोक कंपनीच्या जाहिरातीपेक्षा काकांच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवत.

“पाच पॉइंट दोन लिटर,” काका म्हणाले.

नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी वहीत भागाकार केला आणि पेन तसंच धरून ठेवलं. “वीस पॉइंट आठ. गेल्या वर्षी याच हायब्रीडने लिटरला पंचवीसचा ॲव्हरेज दिला होता.”

काका बॉनेटला टेकले. सकाळी सातपासूनची ही तिसरी फेरी. आधी पेट्रोलवाली, मग डिझेलवाली, आता ही. गेल्या वर्षी नव्याकोऱ्या असताना तपासलेल्या तीन गाड्या वर्षभरानंतर किती देतात, हे पुढच्या अंकात यायचं होतं, आणि पानं उद्याच छापायला जाणार होती. काकांच्या अंगात आता उभं राहायचंही त्राण नव्हतं.

“लिहा, वर्षभरात तिन्ही इंजिनं ढेपाळली. आणि चला घरी.”

बाईंनी लिहिलं नाही. “काका, पेट्रोलवाली चाळीस हजार किलोमीटर पळलीय. डिझेलवाली पंधरा हजार. ही तर आठ महिने नुसती झाकून ठेवली होती. आणि घट बघा. अठराचे पंधरा, बावीसचे अठरा, पंचवीसचे एकवीस. तिघींचा सहावा हिस्साच कसा गेला?”

“इंधनात भेसळ असेल.”

“पेट्रोलमध्येही आणि डिझेलमध्येही? एकाच मापाने?”

“मग हवा.”

“सकाळी तुम्हीच तपासलीत. बाराच्या बारा चाकांची, गुडघ्यांवर बसून.”

वादात हरायला लागले की काका चष्मा पुसत. तसा त्यांनी तो पुसला. खापर फोडायला रस्ता तेवढा उरला होता, पण रस्ता तोच होता आणि गर्दी तर आज रोजच्यापेक्षा कमीच होती. ते नळाकडे निघाले.

“तुमच्या बुटात काय वाजतंय?” बाईंनी विचारलं.

काका पंपाच्या कट्ट्यावर बसले. उजवा बूट काढून त्यांनी उलटा केला. टायरच्या व्हॉल्व्हची काळी टोपी टपकन खाली पडली. सकाळी हवा बघताना ती हरवली होती, आणि दोघांनी अर्धा तास गाड्यांखाली वाकून शोधली होती. मोज्यावर अंगठ्याखाली रुपयाएवढा डाग होता, वाळलेल्या रक्ताचा.

“अहो! तीनशे किलोमीटर ही पायाखाली होती? दुखलं कसं नाही?”

काकांनी टोपी उचलून खिशात टाकली.

“कधीपासून आहे हे?”

“असतील सात-आठ महिने. आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, साखर.” मग ते हळूच म्हणाले, “घरी नाही बोललो. भीती वाटते हो. हा पाय सोडला तर मला दुसरं येतं काय?”

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं. “आज वाहतूक फार होती, असं लिहू का? कोण विचारायला येतंय?”

कुणीच आलं नसतं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. हो म्हणायचा मोह त्यांना झाला, चांगलाच झाला. मोजा ओढून नीट करायला त्यांनी बराच वेळ घेतला.

“पेट्रोलवाली काढा,” शेवटी ते म्हणाले. “तुम्ही चालवा.”

“मी? माझी मजल घर ते ऑफिस!”

“म्हणूनच. मी शेजारी बसून सांगतो. अठरा आले तर गाडी ठणठणीत आहे असं छापू.”

अठरा आले तर दोष कुणाच्या पायाचा, हे दोघांनाही ठाऊक होतं.

टाकी टक्‌पर्यंत भरलेलीच होती. बाई सुरुवातीला कावऱ्याबावऱ्या झाल्या, पण काकांचा आवाज शांत होता. “घाई नको. झोपलेल्या बाळाच्या खोलीतून आपण चालतो ना, तसं. तो लांबचा सिग्नल लाल दिसतोय? आत्ताच ॲक्सिलरेटर सोडा. ब्रेकची गरजच पडता कामा नये. आता चढ येईल, तो मागू द्या, मगच द्या.”

चढावर इंजिन एका सुरात गुणगुणत राहिलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. कान अजून शाबूत होते. गाडी गेल्या वर्षी होती तश्शीच होती, तिला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. त्यांना तिच्यासाठी बरं वाटलं.

“छान,” ते म्हणाले. “असाच ठेवा पाय.”

सपाट रस्ता लागल्यावर बाईंनी सहज त्यांच्याकडे पाहिलं. “काका, तुमचा पाय बघा.”

काकांनी खाली पाहिलं. उजव्या पायाखालची रबरी चटई दुमडून पार पुढच्या पत्र्याला जाऊन भिडली होती. गुडघा ताठ झाला होता आणि मांडी थरथरत होती.

“एवढा जोर कशाला लावताय?”

“जोर?” काका म्हणाले. “मी तर नुसता टेकवलाय.”