एकापुरतं औषध

"मग, किती मेले?" मर्लने कॉफी ओतता ओतता विचारलं.

"सगळे." वेंडेल खुर्चीत टेकला. "शेवटचा परवा गेला."

"हात धुतलेस ना? की तसाच घुसलास माझ्या स्वयंपाकघरात?"

वेंडेलला हसू आलं नाही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. हे उंदीर जन्मतःच खुजे, अंगात वाढीचं हार्मोनच तयार होत नाही. त्यातल्या निम्म्या पिल्लांना तो सकाळ-संध्याकाळ त्याच हार्मोनची सुई द्यायचा. परका वास आला म्हणून आईने पिल्लं टाकू नयेत, यासाठी आधी तिच्याच घरट्यातला भुसा हातांना चोळायचा. पिल्लं झकास वाढली. पण पुढे त्यांची साखर बिघडली आणि ती लवकर मेली. सुई न दिलेले खुजे मात्र त्यानंतरही कितीतरी महिने टुणटुणीत हिंडत राहिले; परवा गेला तो त्यांच्यातलाच शेवटचा.

हे सांगायला तो मक्याच्या शेतांमधून गाडी हाकत आला होता. कारण मर्ल आणि तो, दोघा भावांना हाच आजार. लहानपणी डॉक्टर म्हणाले होते, औषध आहे, पण एकालाच पुरेल. तेव्हा ते मेलेल्या माणसांच्या ग्रंथीतून काढत, मिळायची मारामार. आईने धाकट्याला, म्हणजे आपल्याला निवडलं, असंच वेंडेल धरून चालला होता. तो पावणेसहा फूट झाला, शाळेच्या बास्केटबॉल संघात गेला. मर्ल चार फुटांवर थांबला तो थांबलाच. मासेमारीच्या सामानाचं छोटं दुकान, गल्ल्यामागे उभं राहायला लाकडी खोकं, लग्न नाही की पोरंबाळं नाहीत. दुकानात फोटो मात्र एकच, बास्केटबॉलच्या कपड्यातल्या वेंडेलचा. तो दिसला की वेंडेलला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"मर्ल, आईवरचा राग आता सोड," तो एका दमात म्हणाला. "उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण माझी साखर बघ कुठे गेलीये. तिने तुझं नुकसान नाही रे केलं, झाला तर फायदाच झालाय. मला पोचवून वर वीस वर्षं मासे मारशील तू, लेका!"

मर्लने किटली खाली ठेवली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे ज्यांना सुई दिली, ते..."

"लवकर गेले. हो."

"आणि तुझी साखर?"

"वाढलीये म्हटलं ना. ते जाऊ दे. तू आईवर..."

"आईवर कसला राग?" मर्लने विचारलं. "तिने कुठे निवडलं तुला? तिला ते जमेचना, रडत बसली होती बिचारी. तुला शाळेत पोरं चिडवायची, रोज रडत घरी यायचास. मीच तिला म्हटलं, मला नको, वेंडेलला दे."

वेंडेलने समोरचा कप बाजूला सरकवला.

"सगळ्या जन्मात," मर्ल म्हणाला, "तेवढी एकच गोष्ट चांगली केली होती रे मी."