मधला थांबा

जयपूरहून पुण्याला थेट विमान एकाच कंपनीचं, आणि तिच्यावर सतीशरावांचा राग. "दुसरं कुणी नाही म्हणून यांनी वाट्टेल ते भाडं लावायचं आणि आपण मुकाट्यानं भरायचं? मी मधे उतरून जाईन, पण यांच्यापुढे मान तुकवणार नाही!"

"तत्त्वं तुमची आणि गुडघे माझे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "अहो, पुतण्याच्या लग्नाला निघालोय आपण, मोर्चाला नाही."

सतीशरावांनी तिकिटं काढलीच. बाईंनी चष्मा लावून पाहिलं, तर दोन्ही विमानं त्याच कंपनीची. जाब विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि पुढची ओळ वाचून मिटलं. मधला थांबा हैदराबाद, सात तास.

स्वप्नालीनं स्वतःच्या मनानं लग्न करून हैदराबादला संसार थाटला, तेव्हापासून लेकीचं नाव आणि त्या शहराचं नाव, दोन्ही घरात काढायची बंदी होती. बंदी अर्थातच सतीशरावांची.

"सात तास तिथे बसून करायचं काय?" बाईंनी जपून विचारलं.

"विमानतळाबाहेर जाता येतं म्हणे." सतीशरावांनी पेपर आणखी वर धरला. "चौकशी केली मी."

बाई पिशवी घेऊन दाराशी गेल्या. "प्याज कचोरी आणते. जयपूर सोडल्यापासून तिला मिळाली नसेल."

"चार जास्त आण," पेपरामागून आवाज आला. "जावई किती खातात, आपल्याला काय माहीत!"