रसूलबीची माफी

"खरं सांगतो बेटी, पण तू मानणार नाहीस. आजवर कोणीच मानलं नाही," बुढनमिया म्हणाला आणि लोणारच्या एसटी थांब्यावर नातसुनेच्या ट्रंकेवरच बसला.

हुरमतला ट्रंक हवी होती. साखरखेर्ड्याची गाडी यायची होती. महाराष्ट्र राज्य नवं झालं होतं, गाडी मात्र जुन्याच वेळेला, म्हणजे कोणत्याही वेळेला यायची. एकदा माहेर गाठलं की पुन्हा लोणारचं तोंड पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. सकाळी तिच्या हातची भाकर मधोमध खचली होती, आणि सासूनं, जैतूनबीनं, ती गल्लीभर फिरवली होती. "पाहा वं बायांनो, आपलं तळं! आता तिथवर जायाचं काम नाही."

"दादामिया, उठा ना. गाडी येऊन राह्यली असंल."

"येऊ दे. डायवर कचरू मले विचारल्याबिगर गाडी हालवत नाही."

ही त्या सकाळची पहिली थाप.

"तर माझी बायको, रसूलबी. अल्ला तिले जन्नत देवो, अन् तिथल्या लोकाइले सब्र देवो. ती इथं सुनेवर ओरडली का तळ्यावरचे बगळे उडून बीबी गावात उतरायचे. बीबीवाले वर पाहून म्हणायचे, बुढनच्या घरी आज सालनात मीठ जादा पडलं वाटते."

हुरमतच्या ओठांचा कोपरा हलला.

"आमच्या घरी कधी विरजण आणलं नाही. दुधाच्या गंजाजवळ तिले दोन शब्द बोलू द्यायचे. दही तयार!"

"अन् सून काय करे?"

"उलटून एक शब्द नाही. मौलवीसाबनं जुम्म्याले सांगितलं होतं, जो नातं तोडते त्याच्याशीही तुम्ही जोडून ठेवा. मी घरी येऊन सांगितलं, अन् सांगून विसरलो. तिनं धरून ठेवलं. रसूलबी खाटेवर पडली तं खाऊ घालणं, धुणं, सारं तिनंच केलं."

"कोण होती हो ही एवढी गरीब बाई?"

"तुझी सासू. जैतून."

हुरमत इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. "अम्मी? अन् सब्र?"

बुढनमियानं इथंच थांबायला हवं होतं. पण वळणावर गाडीचा धुरळा दिसला आणि म्हाताऱ्याला जोर चढला.

"मरताना रसूलबीनं जैतूनचा हात धरला. साऱ्या घरासमोर रडली. म्हणे, बेटी, लई छळलं तुले, मले माफ कर."

हुरमतचं हसू थांबलं.

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. "अम्मीनंही असाच माझा हात धरावा. गल्लीतल्या साऱ्या बायाइसमोर. मंग येईन मी वापस."

म्हाताऱ्यानं बगळे उडवले होते, विरजणाविना दही लावलं होतं. पण जैतून माफी मागते आहे, हे त्याच्या थापेतसुद्धा बसेना. गाडी येऊन उभी राहिली. हुरमतनं त्याला अलगद उठवून बाजूला केलं आणि ट्रंकेची कडी धरली.

"झूठ! सरासर झूठ!"

माणसांच्या गर्दीतून जैतूनबी पुढं आली. केव्हाची मागं उभी होती कोण जाणे. अजून धापा टाकत होती. एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात नवऱ्याची.

"अब्बा, पोरीजवळ काऊन झूठ बोलता? कवा धरला त्याइनं माझा हात? जीव जाईलोग झापतच होत्या मले."

मग ती हुरमतकडे वळली. ट्रंकेची दुसरी कडी तिनं मुठीत घट्ट धरली होती, आणि आवाज मात्र एकदम खाली आला होता.

"माफी त्याइनं मागितलीच नाही, बेटी. मयतीले आंघोळ घालताना मीच देऊन टाकली. मागणं त्याइले जमतच नव्हतं. मलेही जमत नाही."