चौदा सेकंद

"चौथी तक्रार," साहेब फोनवर म्हणाले. "तीच इमारत, तोच तिसरा मजला, तेच दार. तुम्ही तिथे जाऊन नेमकं करता काय हो?"

मेकॅनिक गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत, उलट्या बादलीवर बसला होता. सकाळपासूनची ही चौथी इमारत. गुडघ्यांनी दुसऱ्या इमारतीतच राजीनामा दिला होता.

"मागच्या वेळी रोलर साफ केले. त्याआधी पट्टा ताणला."

"आणि त्याआधी?"

"खाचेतला कचरा काढला."

"आणि दार अजून उघडंच राहतं! बाकीच्या मजल्यांना चार सेकंद आणि तिसऱ्यालाच चौदा, हे कुठलं गणित? चार करा आणि स्क्रीनचा फोटो पाठवा. पाचवी तक्रार आली, तर ती इमारत दुसऱ्याकडे देईन."

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. दुसरा कोणी आला तर तो पाच मिनिटांत चार करून, शीळ घालत निघून जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

चौदाचं गणित त्याचंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना झटका आला, त्यानंतरचं. ते वॉकर टेकत घरातून निघायचे आणि काकू पुढे धावून लिफ्टच्या दारात हात आडवा धरायच्या. दार यायचं, हाताला लागायचं, मागे जायचं, पुन्हा यायचं. काकूंच्या मनगटावर कायमचा हिरवानिळा डाग. मेकॅनिकने एकदा हे पाहिलं आणि काही न बोलता घड्याळ लावलं. उंबऱ्यापासून लिफ्टपर्यंत काकांना तेरा सेकंद लागत होते. त्याने चौदा टाकले. एक सेकंद दम खायला.

"माझ्यासाठी दार थांबतं," काका भेटेल त्याला सांगायचे. "बायको नाही थांबली कधी!"

"थांबले म्हणून तर इथवर आलात," काकू म्हणायच्या.

काका जाऊन दीड वर्ष झालं होतं. चौदा तसेच राहिले. गेलेल्या माणसाच्या चपला हलवायला घरचेसुद्धा धजत नाहीत. हा तर बाहेरचा.

तक्रार कोणाची, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? पाचव्या मजल्यावरचे वकील. रोज सकाळी बॅग छातीशी धरून, आकडा तीनवर अडकलेला बघत जिन्यातून ओरडायचे, "तिसऱ्यावर काय मुक्काम ठोकलाय का?" जन्म गेला तारखा मागून घेण्यात, आणि दहा सेकंद जास्त झाले की जीव जातो.

त्याने कंट्रोलरचं झाकण उघडलं. तिसरा मजला, दार उघडं ठेवण्याची वेळ : चौदा. आकडा चारवर आणला. फोटो काढून पाठवला. साहेबांचा अंगठा आला.

मग त्याने आकडा एकेक करत पुन्हा चौदावर नेला आणि झाकणाचे स्क्रू घट्ट पिळले. तेवीस वर्षांच्या नोकरीतला हा पहिला खोटा फोटो. वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढं त्राण उरलं नव्हतं.

तिसऱ्यावर तो उतरला तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या.

"झालं का काम?"

"झालं म्हणजे..." त्याने आवाज खाली आणला. "काकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका. लोक बोलतातच. मी आहे तोवर काकांचे चौदा सेकंद कोणी हलवणार नाही."

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"साहेबांना चारचा फोटो दाखवलाय. आत चौदाच आहेत."

"अगं बाई! आणि तुमची नोकरी?"

"तिच्यातून गुडघेच सोडवतील एक दिवस."

काकू हसल्या नाहीत. चष्मा काढून उगाच पुसत राहिल्या. "तुम्हाला एवढी आठवण आहे त्यांची."

"नसणार कशी?"

काकूंनी चष्मा पुन्हा लावला. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "घ्या. दमलेले दिसता. फार केलंत हो तुम्ही आमच्यासाठी."

'आमच्यासाठी' ऐकून मेकॅनिकला भरून आलं. त्याने पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"उद्यापासून मी आपली जिन्याने जात जाईन," काकू म्हणाल्या. "तीन तर मजले. तेवढंच चालणं."

"तुम्ही का म्हणून?" तो भडकलाच. "कंबर धरून उभ्या आहात, ते दिसतंय मला. ज्यांना घाई आहे त्यांनी जावं जिन्याने!"

"बरं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

खाली सेक्रेटरी त्यांच्या खोलीत पंख्याखाली बसले होते. मेकॅनिकने सवयीने त्यांच्यापुढे स्लिप धरली.

"नुसत्या स्लिपवर भागायचं नाही आज," सेक्रेटरी म्हणाले. "तुमच्या साहेबांचा फोन होता. वहीत तक्रार करणाऱ्याचीसुद्धा सही घ्या म्हणाले."

"घेऊ की! बोलवा वकीलसाहेबांना. मलाही दोन शब्द ऐकवायचेत त्यांना."

"वकील?" सेक्रेटरींनी कपाळाला आठ्या घातल्या. "ते कुठे आले यात?"

त्यांनी तक्रारवही उघडून पुढे सरकवली. चारही तक्रारी एकाच अक्षरात होत्या. बारीक, सरळ, जपून काढलेलं अक्षर. मेकॅनिकने चष्मा लावला आणि शेवटची वाचली.

'तिसऱ्या मजल्यावर मी आत येऊन उभी राहिले तरी दार बंद होत नाही. मागून कोणी येत असावं तसं थांबून राहतं. बंद करायचं बटण आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्याच्याने ते दाबवत नाही.'