मॉनिटरला लावलेलं कुंकू

दसऱ्याला सुषमाने घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. केतकी गोष्ट वाचत होती त्या मॉनिटरलाही तिने झेंडूची माळ घातली आणि वरच्या कॅमेऱ्याच्या चमकत्या ठिपक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"आई, अक्षरं गेली!" नऊ वर्षांची केतकी ओरडली.

सुषमाला तर पडद्यावरची गोष्ट स्पष्ट दिसत होती. "सणाच्या दिवशी ढोंग नको हं!"

"खरंच गं, सगळं पांढरं दिसतंय." केतकीने काचेला नाक टेकवलं. एरवी ती नियमाप्रमाणे हातभर लांब बसायची. दोन वर्षं शाळाही याच पडद्यावर होती, पण तिचे डोळे कधी दुखले नव्हते.

सुषमाने घाईघाईने कुंकू पुसलं. ठिपक्याने केतकीचे डोळे मोजले आणि तिच्या नजरेला जुळतील अशी अक्षरं बदलली. सुषमाला आता नुसते डाग दिसत होते. केतकी मात्र घडाघडा वाचू लागली.

दोन वर्षं तिची कमी होत जाणारी नजर मॉनिटर रोज थोडीथोडी सांभाळून घेत आला होता.

सुषमाने तिला आपल्याकडे वळवलं. "केतू, नीट बघ. मी हसतेय की रडतेय?"

केतकी बराच वेळ बघत राहिली.

"तू पडद्यावर ये ना आई, मग सांगते."