मागचा आवाज

समृद्धीनं लहानपणी खेळलेल्या व्हिडिओ गेमची धून रॉकमध्ये बसवली होती. ड्रम लॅपटॉपवरचे, पण गिटार तिनं बोरी गावातल्या घरी, कांदा साठवायच्या रिकाम्या बराखीत, समोर माईक ठेवून नि कानाला हेडफोन लावून स्वतः वाजवली होती. तेव्हा अप्पा, तिचे वडील, होते. तिच्या गिटारला ते कधी चांगलंही म्हणाले नाहीत नि वाईटही.

अप्पा गेल्यावर वर्षभर तिनं गिटारला हात लावला नाही. परवा तीच जुनी धून गेमवाल्यांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "काय चुकलंय ते स्पष्ट सांगा."

एकाच अनोळखी माणसाचं उत्तर आलं. "बाकी उत्तम. फक्त मध्ये गिटार थांबते तिथं मागून कुणीतरी बोलतंय. तेवढं काढून टाका."

तिनं फाईल उघडली, ड्रम बंद केले, त्या जागेवर आली आणि आवाज पूर्ण वाढवला.

 

"समृद्धे, लाईट आली गं, मोटार चालू कर... बरं, ऱ्हाऊ दे. वाजव तू, लई भारी वाजतंय. मीच जातो मोटारीवर."